किती उघडायचे, किती थांबायचे?

बीड जिल्ह्यात वर्षाचे दोन भाग पडतात. दसरा-दिवाळी उलटली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या वाड्यातांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, तर कोणी थेट कर्नाटकात. कारखान्यांचे पट्टे पडले की, म्हणजे साधारण पाडव्याच्या आगेमागे, ही माणसे परत येतात. शाळेच्या हजेरीपटावर हे चित्र तिथल्या शिक्षकांना दरवर्षी दिसते.

दातांच्या शस्त्रक्रियेवरील लेखात ऊसतोड कशाला आली, असे वाचकांना वाटेल. पण वरच्या जबड्यात कृत्रिम दाताचे मूळ रोवल्यानंतर स्वीडनमधले डॉक्टर आपल्या रुग्णांना जी मुदत सांगत, ती नेमकी अशीच होती : सहा महिने थांबा, मग पुन्हा या. ही मुदत कुठून आली, ती खरोखर आवश्यक होती का, आणि ती कमी करण्याच्या खटपटीत कोणत्या नव्या वाटा निघाल्या, हा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. जबड्यात दात रोवण्याच्या पद्धती आज डझनावारी आहेत आणि त्यांची नावेही भारदस्त आहेत. पण त्यांची तुलना करायची झाली तर दोन साधे प्रश्न पुरतात. हिरडी आणि हाड किती उघडायचे? आणि उघडल्यावर किती थांबायचे? या लेखात आम्ही हेच दोन प्रश्न धरून पुढे जाणार आहोत.

आधी रोवणे म्हणजे काय ते पाहू. नेहमीची कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. खालची कवळी तर जिभेच्या आणि गालाच्या हालचालीने सारखी सरकते. ज्यांनी खालच्या कवळीने ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी खाऊन पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय दात गेला की त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. दाढ काढल्यानंतर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होते, आणि या घटीपैकी दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणजे कवळीला टेकायला असलेला बांधच वर्षागणिक खचत जातो. इम्प्लांट म्हणजे या हाडात बसवलेला धातूचा स्क्रू. तो मुळाचे काम करतो, त्यावर एक खुंटी बसते आणि खुंटीवर दात.

आता थोडे पुण्याकडे वळू. १७९२ च्या सुमारास टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या लष्करातला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने त्याचे नाक पुन्हा तयार केले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आले. कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने कापला, तो उलगडून कपाळावर ठेवला, त्याभोवती आखून कातडी सोडवली, आणि भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी मात्र न कापता ठेवून ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. ती पट्टी त्याने सुमारे पंचवीस दिवसांनी कापली.

ही हकिकत नाकाची आहे, दाताची नव्हे; पण आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्यात आहेत. कातडीचा पदर उचलला तरी त्याचे मूळ तोडायचे नाही, कारण रक्त त्या मुळातून येते. आणि नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत थांबायचे. शस्त्रक्रिया एक नव्हे, दोन. मध्ये पंचवीस दिवसांची मुदत. ही पद्धत सुश्रुतसंहितेतल्या नासासंधानाशी नाते सांगते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्या कारागिराचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही.

दाताच्या बाबतीत असे थांबण्याचे शहाणपण फार उशिरा आले. १९१३ साली अमेरिकेतल्या ग्रीनफिल्ड यांनी इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेचा पिंजरा जबड्यात बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये स्ट्रॉक बंधूंनी व्हायटॅलियम या कोबाल्टच्या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये डाल यांनी वेगळाच विचार मांडला. हाडात भोक पाडण्याऐवजी हिरडी पूर्ण उलगडायची, उघड्या हाडाचा ठसा घ्यायचा, त्या मापाचा धातूचा सांगाडा ओतून आणायचा आणि पुन्हा हिरडी उघडून तो हाडावर खोगिरासारखा ठेवायचा. इथेही शस्त्रक्रिया दोनच, पण मधली मुदत हाडासाठी नव्हती, ओतकाम करणाऱ्यासाठी होती! १९६० च्या दशकात लिंको यांच्या पात्यासारख्या इम्प्लांटचा बराच बोलबाला झाला. या सर्व पद्धतींत काही रुग्णांना चांगला उपयोग झाला, पण पुष्कळांच्या बाबतीत धातू आणि हाड यांच्या मध्ये तंतुमय ऊतीचा मऊ थर तयार होई, इम्प्लांट हलू लागे, पू होई आणि शेवटी जाताना ते बरेच हाडही घेऊन जाई. त्यामुळे विद्यापीठांतले दंतवैद्य या साऱ्या प्रकाराकडे संशयाने पाहत. तो संशय रास्त होता असेच आमचे मत आहे.

पुढची गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांना विशेष आवडावी, कारण ती दुसऱ्याच शोधाच्या पोटी जन्मली. स्वीडनमधल्या लुंड येथे १९५२ साली पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे तरुण संशोधक हाडाच्या मगजातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या कवचातले सूक्ष्मदर्शक भिंग बसवले होते. काम झाल्यावर ते महागडे कवच काढून पुन्हा वापरायचे असा बेत होता. ते निघेना. हाड धातूला असे घट्ट बिलगले होते की हाड मोडल्याशिवाय धातू सुटत नव्हता. (असेच निरीक्षण १९५१ साली अमेरिकेत लेव्हेंथल यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात केले होते, पण दाताकडे जाणारी वाट त्यांनी धरली नाही.) हाड आणि धातू यांच्या या सरळ जोडणीला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव मिळाले. आपण तिला अस्थिसंलग्नता म्हणू.

ब्रॉनेमार्क यांनी प्राण्यांवरचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि १९६५ साली गोथेनबर्गमध्ये यॉस्ता लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होते. २००६ साली त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही, म्हणजे चाळीस वर्षांनंतर, ते इम्प्लांट काम देत होते.

ब्रॉनेमार्क यांची शस्त्रक्रिया म्हणजे सावधगिरीचा कळस होता. ओठाच्या आतल्या बाजूला, हाडाच्या माथ्यापासून दूर चीर घ्यायची, म्हणजे टाके इम्प्लांटच्या डोक्यावर येणार नाहीत. हिरडीचा पदर हाडावरच्या आवरणासकट उचलायचा. हाडात भोक पाडताना गिरमिट मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आत फिरवायचे आणि त्यावर थंड सलाईनची धार सतत धरायची. भोकात आटे पाडण्याचे काम तर मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्या इतक्या संथ गतीने करायचे. मग स्क्रू बसवून वर हिरडी शिवून टाकायची. दात नाही, खुंटी नाही. तोंडात काही बसवले आहे याची खूणही नाही. खालच्या जबड्यात तीन ते चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचे. मग दुसरी, छोटी शस्त्रक्रिया. हिरडी पुन्हा उघडून स्क्रूचे डोके मोकळे करायचे, खुंटी जोडायची.

थंड पाण्याचा हा आग्रह उगाच नव्हता. १९८३ साली गोथेनबर्गच्याच एरिक्सन आणि आल्ब्रेक्ट्सन यांनी सशांवरील प्रयोगांनी दाखवले की हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट तापले तरी त्याची पुढची वाढ बिघडते. ४७ अंश म्हणजे मराठवाड्यातल्या मे महिन्यात अंगणातला पत्रा जितका तापतो त्याहूनही कमी. बोथट गिरमिट जोर लावून फिरवले तर हे तापमान सहज गाठले जाते.

आणि सहा महिने कशासाठी? स्क्रू बसवला त्या दिवशी तो केवळ आट्यांच्या पकडीमुळे घट्ट असतो. शेतात मेढ रोवून भोवती माती ठोकावी तसा. पुढच्या आठवड्यांत भोवतालचे दुखावलेले हाड शरीर काढून टाकते आणि त्या जागी नवे हाड घालते. जुनी पकड सैल होत असते आणि नवी अजून पुरी बसलेली नसते, असा एक नाजूक काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास येतो. या काळात स्क्रू केसाच्या जाडीहून अधिक हलत राहिला, म्हणजे एक दशांश मिलिमीटरच्या वर, तर हाडाऐवजी तोच मऊ तंतुमय थर वाढतो. जुन्या इम्प्लांटांचे दुखणे हेच होते. ब्रॉनेमार्क यांचे उत्तर असे की चावूच द्यायचे नाही.

वरच्या आणि खालच्या जबड्यांतला फरक वर्गात दाखवायला सोपा आहे. वाळलेल्या बाभळीचा एक तुकडा आणि शेवग्याचा एक तुकडा घ्या. दोन्हींत सारखेच स्क्रू फिरवा. बाभळीत आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू जातच नाही, पण गेल्यावर हलत नाही. शेवग्यात तो सहज शिरतो आणि तितक्याच सहज उपटतो. आता शेवग्यातच नेहमीपेक्षा बारीक भोक पाडून तोच स्क्रू घाला, पकड सुधारते. लेखोल्म आणि झार्ब यांनी १९८५ साली जबड्याच्या हाडाचे चार प्रकार केले. खालच्या जबड्याचा पुढचा भाग आपल्या बाभळीसारखा, वरच्या जबड्याचा मागचा भाग शेवग्यासारखा. मऊ हाडात शल्यविशारदही बारीक भोक पाडण्याची हीच युक्ती वापरतात. बाभळीत भोक पाडल्यावर गिरमिटाचे टोक ताबडतोब बोटाने चाचपू नका. ते किती तापले आहे हे पाण्याचा थेंब टाकून पाहा.

१९८२ साली कॅनडातल्या टोरांटो येथे झार्ब यांनी भरवलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेच्या विद्यापीठांनी ब्रॉनेमार्क यांचे पुरावे मान्य केले. तोवर पंधरा वर्षांच्या नोंदी जमल्या होत्या. या क्षेत्रात इतक्या दीर्घ नोंदी आधी कोणी ठेवल्याच नव्हत्या, आणि आमच्या मते ब्रॉनेमार्क यांचे खरे मोठेपण टायटॅनियमपेक्षा या नोंदवहीत आहे.

पण झाकून ठेवणे खरोखर गरजेचे होते का? स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे आंद्रे श्रोएडर यांनी १९७० च्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्या इम्प्लांटची मान हिरडीच्या वर येत असे आणि हिरडी त्या मानेभोवती शिवली जाई. हाडाला विश्रांती द्यायचीच, चावायचे नाहीच, पण त्यासाठी हिरडीखाली पुरायला कशाला हवे, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरी शस्त्रक्रिया आपोआप गळाली. पुढे दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना झाली तेव्हा यशात लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रॉनेमार्क यांची ओठाच्या आतली दूरची चीरही अशीच मागे पडली. माथ्यावर सरळ चीर घेतली तरी निकाल तोच येतो आणि सूज कमी येते, हे १९९० च्या दशकात दिसून आले.

म्हणजे एकटप्पी पद्धत केव्हाही चांगली? तसे नाही. झाकलेला स्क्रू तोंडातल्या जगापासून दूर असतो. वर आलेल्या मानेला रोज घासून स्वच्छ ठेवावे लागते, तिच्यावर जुनी कवळी दाबली जाणार नाही हे पाहावे लागते आणि विडी-सिगारेट बंद ठेवावी लागते. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण जास्त असते हे पक्के ठाऊक आहे. हाड शेवग्यासारखे मऊ असेल, किंवा सोबत हाडाची भर घातली असेल, तर आजही पुष्कळ शल्यविशारद झाकूनच ठेवतात. आणि इथे आपल्या सुरुवातीच्या टोळ्या आठवाव्यात. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहून, पहाटे चारला उठून गाडी भरणाऱ्या बाईला उघड्या मानेची निगा राखायला सांगणे सोपे नाही. दिवाळीपूर्वी टाके काढून झाले आणि स्क्रू हिरडीखाली निवांत असला, तर सहा महिने तिला त्याकडे पाहायची गरज नाही. पुस्तकात जी पद्धत मागे पडलेली दिसते ती एखाद्या तालुक्याच्या दिनदर्शिकेत चपखल बसते. खर्चाची गोष्ट मात्र वेगळी आहे. उचल घेऊन हंगामाला जाणाऱ्या कुटुंबाला एक इम्प्लांटही परवडत नाही, हे न बोलता पुढे जाणे बरे नव्हे.

त्या दृष्टीने २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी केलेले विधान महत्त्वाचे वाटते. सगळे दात गेलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवणे, हा किमान दर्जाचा उपचार मानावा असे त्यांनी म्हटले. जबड्याचा हा भाग बाभळीचा. शिवाय ओठाला संवेदना देणारी नस हनुवटीच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून बाहेर पडते. त्या छिद्रांच्या मधला भाग बहुतेक निर्धोक असतो. ब्रॉनेमार्क यांनीही सुरुवात इथेच केली होती. दोन स्क्रू, एक कवळी आणि न सरकणारी भाकरी.

थांबणे कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे दात काढला त्याच दिवशी, त्याच खड्ड्यात इम्प्लांट बसवणे. जर्मनीत ट्युबिंगेन येथे शुल्टे यांनी १९७० च्या दशकात यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचे इम्प्लांट काढले. यामागे अशी आशा होती की खड्डा रिकामा राहिलाच नाही तर हाड झिजणार नाही. ही आशा पुढे खोटी ठरली. २००५ च्या सुमारास कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासांत दिसले की इम्प्लांट असो वा नसो, खड्ड्याची गालाकडची पातळ भिंत खचायची ती खचतेच. एक फेरी वाचते, हे खरे. पण पुढच्या दातांत वर्षभराने हिरडी मागे सरून धातू दिसू लागण्याचा धोका राहतो.

हिरडी अजिबात न उघडण्याचाही एक पंथ आहे. गोल पात्याने हिरडीला छोटे भोक पाडायचे आणि त्यातूनच हाडात शिरायचे. टाका नाही, सूज जवळजवळ नाही, आणि हाडावरचे आवरण न उचलल्याने हाडाचा रक्तपुरवठाही शाबूत. कावसजीच्या कपाळावरची पट्टी इथे आठवते. अडचण एकच, पण मोठी : हाड दिसत नाही. वरून रुंद वाटणारी हिरडी आत सुरीसारख्या धारदार हाडावर चढलेली असू शकते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत दातांसाठी शंकूच्या आकाराच्या क्ष-किरणझोताचे सीटी यंत्र आले आणि कमी किरणोत्सर्गात जबड्याचे त्रिमित चित्र मिळू लागले. त्या चित्रावरून संगणकाने तयार केलेली, भोके पाडलेली पट्टी दातांवर बसवून गिरमिटाची दिशा पक्की करता येते. ज्याने आधी चित्र काढून हाड पाहिले आहे त्यानेच न उघडता शिरावे. चित्राशिवाय ही पद्धत म्हणजे अंधारात दगड मारणे.

वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांच्या जागी तर निसर्गानेच अडचण केली आहे. तिथे हाडाच्या वर गालामागची पोकळी, म्हणजे सायनस असते, आणि दाढा गेल्या की ती खाली उतरत जाते. मग स्क्रू रोवायला चार-पाच मिलिमीटरही हाड उरत नाही. अमेरिकेतल्या अलाबामात टेटम यांनी १९७० च्या दशकात यावर उपाय काढला. गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी पाडायची, आतले पातळ पटल न फाडता वर उचलायचे आणि खालच्या जागेत हाडाची भर घालायची. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० साली अशा शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यात उघडणे मोठे आणि थांबणेही मोठे. १९९४ साली समर्स यांनी खालूनच, स्क्रूच्या भोकातून, गोल टोकाच्या पहारीसारख्या हत्याराने हाड हलक्या ठोक्यांनी वर सरकवत ते पटल उचलण्याची पद्धत प्रसिद्ध केली. उघडणे अगदी थोडे, पण उंचीही थोडीच मिळते आणि पटल फाटले तरी दिसत नाही. म्हणून साधारण पाच-सहा मिलिमीटर हाड असेल तर खालून, त्याहून कमी असेल तर खिडकीतून, असा व्यवहार रूढ झाला.

खिडकीच्या पद्धतीत पटल फाटण्याचे प्रमाण सुमारे पाचात एक असे येते. यातली कसोटी समजून घ्यायची तर कच्चे अंडे घ्या आणि कानशीने टरफल घासत, आतला पापुद्रा न फोडता, रुपयाएवढी खिडकी पाडून पाहा. शल्यविशारद स्वतःही या शस्त्रक्रियेचा सराव अंड्यावर करतात. (शाळेत अंडे चालत नसेल तर विद्यार्थ्यांना घरी करायला सांगावे, दोन-तीन अंडी फुकट जातील हे आईला आधी सांगून ठेवावे.)

पोकळीत भर घालण्याऐवजी तिला वळसा घालण्याची कल्पनाही पुढे आली. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी २००३ साली फक्त चार इम्प्लांटांवर पूर्ण जबड्याचे दात, तेही त्याच दिवशी, बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मागचे दोन स्क्रू सरळ न घालता तिरके घातल्याने ते सायनसच्या पुढून निसटतात आणि चारही एका पट्टीने बांधल्याने एकटा कोणीच हलत नाही. विश्रांती द्यायची ती अशीही देता येते. ब्रॉनेमार्क यांनी त्याआधीच, कर्करोगामुळे वरचा जबडा गमावलेल्या रुग्णांसाठी, थेट गालाच्या हाडात जाणारे लांब इम्प्लांट वापरायला सुरुवात केली होती. नेहमीचा इम्प्लांट दहा-बारा मिलिमीटरचा असतो. हा तीस ते पन्नास मिलिमीटरचा असतो आणि डोळ्याच्या खोबणीजवळून जातो. त्यामुळे हे काम पूर्ण भूल देऊन, मोठ्या रुग्णालयात, पक्क्या हातानेच व्हावे लागते.

ही दुर्मीळ समजली जाणारी शस्त्रक्रिया महाराष्ट्रात २०२१ नंतर अचानक गरजेची झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. देशात त्या वर्षी जुलैपर्यंत पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वाधिक राज्यांत होते. ही बुरशी माती आणि कुजक्या पाल्यात एरवीही असते. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि भरीला स्टेरॉइडची मात्रा मिळाली की ती नाकातून सायनसमध्ये शिरते, रक्तवाहिन्या बुजवते आणि रक्त न मिळालेले हाड मरते. मेलेले हाड काढण्यावाचून गत्यंतर नसते. कोणाचा अर्धा वरचा जबडा गेला, कोणाचा पूर्ण. बीड जिल्ह्यातले अनेक रुग्ण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. १९७४ साली सुरू झालेले हे महाविद्यालय ज्यांच्या नावाने चालते ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी अंबाजोगाईच्याच शाळेत मुख्याध्यापक होते, हे शिक्षकवाचकांना ठाऊक असेलच.

जीव वाचला तरी टाळूला भगदाड पडलेल्या माणसाचे खाल्लेले अन्न नाकात जाते, पाणी नाकातून येते, बोलणे समजत नाही. पहिला उपाय म्हणजे भगदाड झाकणारी प्लास्टिकची पट्टी. पण तिला धरायला दात नाहीत, हाडही नाही. ब्रॉनेमार्क यांचा सहा महिन्यांचा नियम इथे निरुपयोगी आहे, कारण रोवायला जमीनच उरलेली नाही. अशा वेळी गालाच्या हाडातले लांब इम्प्लांट कामी येतात. आणि दुसरा मार्ग तर गमतीचा आहे : डाल यांचा १९४० च्या दशकातला, अडगळीत गेलेला सांगाडा! तेव्हा उघड्या हाडाचा ठसा घेण्यासाठी एक आख्खी शस्त्रक्रिया खर्ची पडत होती. आता तो ठसा सीटीचे चित्र घेते. त्यावरून संगणकावर सांगाडा आखतात, टायटॅनियमची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून तो छापतात आणि शिल्लक राहिलेल्या भक्कम हाडाला छोट्या स्क्रूंनी जखडतात. दोनदा उघडण्याऐवजी एकदाच.  

या छापील सांगाड्यांचा अनुभव दशकभराच्या आसपासचा आहे. यॉस्ता लार्सन यांच्या चाळीस वर्षांशी त्याची तुलना अजून करता येत नाही. त्यांच्या खुंट्या हिरडीतून वर आलेल्या असतात, म्हणजे बर्नच्या पद्धतीची सगळी पथ्ये इथे लागू होतात. रोज दोनदा मऊ ब्रशने खुंट्यांभोवती घासणे आणि रक्तातली साखर नियमित तपासून ताब्यात ठेवणे, ही त्यांतली पहिली दोन. यांतले दुसरे पथ्य गावच्या उपकेंद्रातही पाळता येते, आणि त्याला गिरमिट लागत नाही.